नवा गडी



गावात कुणी नवा बैल आणला की काय होते, हे मी आपल्याला सांगायला नको. बैल दावणीला बांधून होत नाही तोच माणसे जमतात. कुणी त्याचा जबडा उघडून दात पाहतो, दोनदाती आहे की जुळलेला ते ठरवतो. कुणी चार पावले चालवून बघतो. कुणी नुसता खुरांकडे पाहतो आणि काही न बोलता मान हलवतो. पण या सगळ्यांच्या आधी सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो : “केवढ्याला पडला?” आकडा कळला की लगेच दोन तट पडतात. “स्वस्तात साधला” म्हणणारे एकीकडे, “फसला बिचारा” म्हणणारे दुसरीकडे. बैल अजून औताला जुंपलेला नसतो, एक तासही चाललेला नसतो. पण त्याच्यावर निकाल लागून मोकळा झालेला असतो.

एखाद्या फुटबॉलच्या किंवा कबड्डीच्या संघाने भली मोठी रक्कम मोजून नवा खेळाडू घेतला, की त्या संघाच्या चाहत्यांमध्ये नेमका हाच प्रकार घडतो. आज मला आपल्याशी बोलायचे आहे ते या चाहत्यांविषयी.

आपण म्हणाल, पेठसारख्या डोंगराळ तालुक्यात, जिथे पावसाळा म्हणजे भात-नागलीची लावणी आणि उन्हाळा म्हणजे पाण्याची ओरड, तिथे हा विषय कशाला काढला? तर मंडळी, मी ज्या मुलांना शिकवतो त्यांतली कित्येक मुले अजून नाशिकपलीकडे गेलेली नाहीत. पण कबड्डीच्या लिलावात कोणता गडी कोणत्या संघाकडे किती लाखांना गेला, हे ती तोंडपाठ सांगतात. वर्गात पानिपतचे साल विचारले तर खाली बघतात, हा भाग वेगळा! तेव्हा आपल्या घरातल्या पोरांच्या डोक्यात काय चालले आहे, ते आई-बापांना आणि शिक्षकांना ठाऊक असलेले बरे.

आमचे एकच पेठ. कोल्हापुरात मात्र पेठाच पेठा आहेत, आणि फुटबॉलचे वेड पाहायचे तर त्या पेठांतच जायला हवे. मुंबई-पुण्यात क्रिकेटचे राज्य. पण कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आणि शिवाजी पेठेत पोर चालायला लागले की फुटबॉलला लाथ मारते. तिथल्या संघांची नावे ऐका : पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. फुटबॉलच्या संघाला ‘तालीम’ म्हणणारे दुसरे गाव मला तरी माहीत नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने जे गाव कुस्तीचे माहेरघर झाले, त्याच्या तालमींनीच पुढे फुटबॉलही आपल्या अंगणात घेतला. लाल माती आणि हिरवे मैदान एकाच उंबऱ्याला लागून नांदले. आजही कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशनच्या हंगामात शाहू स्टेडियमवर दोन मोठ्या तालमींचा सामना असला की त्या त्या पेठेत त्या दिवशी दुसरे बोलणे नसते.

हंगामाच्या तोंडावर तिथे खेळाडूंची नोंदणी होते. अमका गडी या तालमीतून त्या तालमीत गेला, ही बातमी म्हणजे लग्न जुळल्याच्या किंवा मोडल्याच्या बातमीसारखी. जो काल आपल्या गल्लीचा होता, तो उद्या समोरच्या पेठेचा सदरा घालणार! आणि गेल्या काही वर्षांत तर नायजेरियासारख्या दूरदेशीचे खेळाडूही तालमींकडून खेळू लागले. कल्पना करून पाहा. हजारो कोसांवरून आलेला एक तरणा पोर, ज्याला मराठीचे अक्षर कळत नाही, तो मंगळवार पेठेतल्या एका खोलीत उतरतो. सकाळी उठून पाहतो तो खाली दहा-बारा पोरे त्याला बघायला उभी. चहावाला पैसे घेत नाही. एक आजोबा येऊन दंड चाचपून जातात. त्याने अजून एकही गोल केलेला नाही, पण पेठेने त्याला आपला म्हटले आहे. पहिल्या तीन सामन्यांत गोल झाला नाही, तर हेच आजोबा तोंड फिरवून जातील, हेही तितकेच खरे. आणि समोरच्या बाजूच्या गर्दीतून त्याच्या रंगावरून कुणी वेडेवाकडे ओरडले, तर भाषा न समजताही त्याला ते समजते. शिक्षक मंडळींनी मुलांच्या कानांवर ही गोष्ट जरूर घालावी.

आता पैशांकडे येऊ, कारण चाहत्यांचा पहिला प्रश्न तोच असतो.

युरोपात ही पद्धत जुनी. १९०५ साली इंग्लंडमध्ये अल्फ कॉमन नावाचा खेळाडू सन्डरलंड क्लबातून मिडल्सब्रो क्लबात गेला, तेव्हा त्याच्यासाठी पहिल्यांदाच १००० पौंड मोजले गेले. लोक केवढे खवळले! माणसाची अशी किंमत करावी काय, असा प्रश्न वर्तमानपत्रांतून विचारला गेला. त्यानंतर ११२ वर्षांनी, २०१७ च्या ऑगस्टमध्ये, ब्राझीलच्या नेमारसाठी पॅरिसच्या क्लबाने बार्सिलोनाला २२ कोटी २० लाख युरो दिले. यात एक मेख आहे, ती ध्यानात घ्या. ही रक्कम खेळाडूच्या खिशात जात नाही. ती जुन्या क्लबाला मिळते, करार मुदतीआधी मोडल्याची भरपाई म्हणून. खेळाडूचा पगार वेगळा. आपल्याकडच्या कबड्डीत मात्र लिलाव असतो आणि ज्या आकड्याला बोली थांबते, तो खेळाडूचा हंगामाचा मोबदला ठरतो. तेव्हा दोन्हींची तुलना करणाऱ्या पोरांना जरा थांबवा.

कबड्डीचे आकडे मात्र डोळे दिपवणारे आहेत खरे. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली, तेव्हा पहिल्या लिलावातली सर्वांत मोठी बोली होती १२ लाख ८० हजारांची; पाटण्याच्या संघाने ती राकेश कुमारवर लावली. चारच वर्षांत, २०१८ ला, सहा खेळाडूंनी कोटीचा आकडा गाठला. त्याच लिलावात मुंबईच्या ‘यू मुंबा’ संघाने चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई ३६ लाख ४० हजारांना घेतला. नवा गडी, फारसे कुणाला नाव ठाऊक नाही. हंगाम संपेपर्यंत त्याच्या चढाया पाहून लोक त्याला ‘बाहुबली’ म्हणू लागले. आणि पुढच्याच लिलावात, २०१९ ला, तो १ कोटी ४५ लाखांना तेलुगू टायटन्सकडे गेला! मुंबईच्या चाहत्यांना चटका बसणारच. बी आम्ही पेरले, पीक दुसऱ्याने नेले. पण हुंदळेवाडीत दुःख करायचे कारण काय? एका खेड्यातल्या पोराने कबड्डीच्या बळावर कोटीची मजल मारली, गावाला तो कोणत्या संघाकडून खेळतो याचे सोयरसुतक नसते.

‘लिलाव’ हा शब्द मला आवडत नाही, हे सांगून टाकतो. लिलाव गुरांचा होतो, जप्त मालाचा होतो. ज्या खेळाडूने स्वतः नाव नोंदवले आहे, ज्याला बोलीचा पैसा मिळतो, त्याची तक्रार नसेल. तरी लहान मुलांच्या तोंडी “अमका इतक्याला विकला गेला” हे वाक्य ऐकले की कानाला खटकते. असो.

बरे, दाम मोठा म्हणजे काम मोठे होईलच, असे कुठे आहे? पवन सेहरावत हा हरहुन्नरी चढाईपटू. २०२२ मध्ये तमिळ थलैवाज संघाने त्याला २ कोटी २६ लाख देऊन घेतले. चाहत्यांनी केवढी स्वप्ने रंगवली असतील! आणि हंगामाच्या पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला. हंगाम तिथेच संपला. मग काय, थलैवाज तळाला गेले? नाही. नरेंदर नावाच्या नवख्या पोराने आणि आपल्या महाराष्ट्राच्या अजिंक्य पवारने चढायांचा भार उचलला, आणि तो संघ पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोहोचला. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच पवनवर २ कोटी ६० लाख ५० हजारांची बोली लावली. तो खेळला, चांगला खेळला. पण संघ २२ सामन्यांत दोनच जिंकून सगळ्यांच्या खाली राहिला. एकटा गडी कितीशी चढाई करणार?

आता कुणी म्हणेल, मग मोठे खेळाडू घेऊच नयेत. तसेही नाही हो. त्याच हंगामात पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरझा शादलुईसाठी २ कोटी ३५ लाख मोजले होते, आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणाचा २८-२५ असा पराभव करून पुणेकरांनी पहिल्यांदा करंडक उचलला. मात्र त्या संघाचा नायक होता अस्लम इनामदार, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या खेड्यातून वर आलेला. बाहेरचा पहाडी बचावपटू आणि घरचा नायक यांची सांगड बसली.

इराणवरून आठवले. १९८० साली कलकत्त्याच्या ईस्ट बंगाल क्लबातून बरेच नामांकित खेळाडू एकदम बाहेर पडले आणि चाहत्यांचा धीर सुटला. त्या वेळी अलीगढच्या विद्यापीठात शिकणारा मजीद बास्कर नावाचा इराणी तरुण त्या क्लबात आला. कलकत्त्यात तो मोजकी वर्षेच खेळला. पुढे मायदेशी परत गेला. त्यानंतर कित्येक वर्षांनी, २०१९ च्या ऑगस्टमध्ये, क्लबाच्या शताब्दीसाठी तो पुन्हा कलकत्त्याला आला, तेव्हा विमानतळावर त्याला पाहायला झुंबड उडाली. त्या गर्दीत अशी पोरे होती, की ज्यांच्या जन्माआधीच त्याचा खेळ थांबला होता! त्यांनी त्याला आपापल्या बापाच्या तोंडून पाहिले होते. चाहता म्हणजे काय, ते यावरून कळते. त्याला करंडक मिळतो न मिळतो. पण सांगायला काही तरी मिळावे लागते.

यात एका माणसाची आठवण कुणालाच होत नाही. नवा गडी आला म्हणजे कुणाची तरी जागा गेली. तो मुलगा कालपर्यंत खेळत होता. आज सदरा घालून कडेच्या बाकावर बसतो. फलकावर त्याचे छायाचित्र लागत नाही. त्याची आई मात्र सामना बघायला आलेली असते. तालमीतले वडीलधारे त्याच्याशी दोन शब्द बोलले, “तू आमचाच आहेस” म्हणाले, तर तो टिकतो. नाही तर आपल्या पोरांचे पाय मैदानावरून मागे वळतात, ते परत येत नाहीत.

आणि शिक्षकहो, हे खास आपल्यासाठी. जागतिक फुटबॉल संघटनेचा २००१ पासूनचा एक नियम आहे. कराराच्या मुदतीत खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात मोठ्या रकमेने गेला, तर त्या रकमेतले ५ टक्के, त्याच्या वयाच्या १२ ते २३ या वर्षांत ज्या ज्या क्लबांनी त्याला घडवले, त्यांच्यात वाटले जातात. कुठल्याशा खेड्यातल्या छोट्या क्लबाला त्यातून नवे मैदान करता येते. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. कोल्हापूरच्या एका रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळला; त्याआधी त्याला पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत कुणी तरी घडवले होते. आमच्या शेजारच्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला कांस्यपदक मिळवले. धावणाऱ्यांची बोली कुणी लावत नाही. पण ही पोर वेगळी धावते, हे पहिल्यांदा दिसले ते कुणाच्या तरी नजरेलाच ना? आपल्या कबड्डीतही गावच्या मंडळाला आणि आश्रमशाळेला असा वाटा मिळायला हवा, असे माझे मत आहे.

मोठ्या नावाची ओढ किती असते, याचा दाखला अगदी अलीकडचा आहे. २०२२ च्या डिसेंबरात सौदी अरेबियाच्या अल नस्र क्लबाने पोर्तुगालच्या रोनाल्डोशी करार केला. २०२५ च्या आशियाई स्पर्धेत हा क्लब आणि आपला एफसी गोवा एकाच गटात आले, आणि सगळ्या गोव्यात एकच चर्चा : रोनाल्डो येणार! २२ ऑक्टोबरला मडगावच्या फातोर्डा मैदानावर सामना झाला. रोनाल्डो आलाच नाही. अल नस्र २-१ ने जिंकले. गोव्याचा तो एक गोल केला ब्रायसन फर्नांडिसने. गोव्याचाच पोरगा. जे लोक दुसऱ्याला बघायला आले होते, ते त्याच्यासाठी उभे राहून ओरडत होते.

जाता जाता आपल्या गावच्या सामन्यांचे. दिवाळीनंतर आपल्याकडेही कबड्डीचे आणि टेनिस चेंडूच्या क्रिकेटचे सामने भरतात, आणि बक्षिसाची रक्कम जरा मोठी असली की बाहेरचे गडी आणले जातात. मग गावची पोरे पाणी द्यायला आणि पाहुण्यांना जेवण वाढायला. तंटा होतो तो इथेच. बाहेरच्या गड्यांना मज्जाव करा असे मी म्हणणार नाही. चांगला गडी जवळून पाहिला की आपली पोरेही शिकतात. पण एका संघात असे किती चालतील, हा आकडा वर्गणीचे पावतीपुस्तक छापण्याआधी ठरवा. माझ्या मते दोन पुरेत. तो कागदावर लिहा, मंडळाच्या फलकावर लावा, आणि येणाऱ्या प्रत्येक संघाच्या नायकाची त्यावर सही घ्या.