थंडी कोठून येते?

वैशाखांत तापीच्या खोऱ्यांतील नंदुरबार, शहादा, तळोदा या गांवीं दुपारचा पारा ४३ अंशांपर्यंत चढतो. अशा वेळीं फ्रीज उघडून थंड पाण्याचा पेला हातीं घेणाऱ्यास सहज वाटतें कीं, हें यंत्र आंत थंडी निर्माण करीत असावें. वस्तुतः थंडी नांवाची वेगळी वस्तु सृष्टींत नाहीं. उष्णता जेथून निघून जाते, तेथें थंडी भासते. फ्रीज आंतील उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो, इतकेंच. त्याचा प्रत्येक भाग कोठें व कसा असावा, हें या एकाच गोष्टीनें ठरविलें आहे.

हें तत्त्व खानदेशांतील गृहिणीस माठाच्या रूपानें फार पूर्वीपासून परिचित आहे. माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी पाझरतें, त्याची वाफ होते आणि वाफ होण्यास लागणारी उष्णता माठांतील उरलेल्या पाण्यांतून घेतली जाते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होतांना सुमारें ५८० कॅलरी उष्णता खर्ची पडते. तेवढी उष्णता काढून घेतली, तर ५८ ग्रॅम पाणी १० अंशांनीं निवेल! परंतु माठास दोन उणिवा आहेत. गेलेली वाफ परत मिळत नाहीं, आणि पावसाळ्यांत हवा दमट झाली कीं पाण्याची वाफ होण्याचें काम मंदावतें. फ्रीज म्हणजे या दोन्ही उणिवा दूर केलेला माठच होय. त्यांत वाफ कोंडून ठेवितात आणि तिचा पुन्हां द्रव करितात.

हें साधतें तें दाबाच्या युक्तीनें. तोरणमाळचें पठार सुमारें साडेअकराशें मीटर उंच आहे. तेथें हवेचा दाब कमी, म्हणून पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतें. उलट प्रेशर कुकरच्या कोंडलेल्या दाबांत तें १२० अंशांच्या सुमारास उकळतें. म्हणजे दाब उतरविला कीं द्रव थोड्या उष्णतेंतही उकळतो, आणि दाब वाढविला कीं वाफ उष्ण असूनही पुन्हां द्रवरूप होते. आजच्या पुष्कळशा घरगुती फ्रीजमध्यें आयसोब्यूटेन नांवाचा पदार्थ असतो. हवेच्या सामान्य दाबाखालीं तो शून्याखालीं १२ अंशांवरच उकळतो. बारीक नळींतून तो आंतल्या नळ्यांत सुटला कीं त्याचा दाब एकाएकीं उतरतो. तो उकळूं लागतो व त्यासाठीं लागणारी उष्णता आंतील दुधाभाजींतून घेतो. तयार झालेली वाफ तळाशीं बसविलेला कॉम्प्रेसर ओढून घेतो आणि दाबतो. दाबल्यामुळें ती खोलीच्या हवेहूनही अधिक तापते. मग पाठीमागच्या किंवा बाजूच्या पत्र्याआडच्या नळ्यांतून फिरतांना ती आपली उष्णता खोलीस देते, आणि द्रव होऊन पुन्हां त्याच फेऱ्यास लागते.

अशा बंदिस्त चक्राचें पेटंट जेकब पर्किन्स या अमेरिकन यंत्रज्ञानें १८३४ मध्यें लंडन येथें मिळविलें. आरंभींच्या घरगुती यंत्रांत सल्फर डायॉक्साइडसारखे विषारी वायु असत. १९३० च्या सुमारास निर्विष फ्रेऑन आले. परंतु अशा वायूंमुळें वातावरणांतील ओझोनचा थर क्षीण होतो, हें मोलिना व रोलंड यांनीं १९७४ मध्यें दाखवून दिलें. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ते क्रमाक्रमानें मागें पडले. आयसोब्यूटेन ज्वालाग्राही खरा. परंतु ओझोनास तो निरुपद्रवी आहे.

उष्णता आपण होऊन थंड जागेंतून उष्ण जागेंत जात नाहीं. पाणी जसें आपोआप विहिरींतून वर येत नाहीं, मोट ओढावी लागते, तसेंच हें. विहीर जितकी खोल, तितके बैलांस कष्ट अधिक. साडी कार्नो या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८२४ मध्यें जो विचार मांडला, त्यावरून या कष्टांचा हिशेब करितां येतो. आंत ४ अंश व खोलींत २७ अंश असतील, तर सर्वथा निर्दोष यंत्र एक भाग वीज खर्चून १२ भाग उष्णता बाहेर काढील. खोलींत ४३ अंश झाले कीं तेंच यंत्र जेमतेम ७ भाग काढील. प्रत्यक्ष यंत्राची मजल याहून पुष्कळच कमी असते; पण प्रमाण असेंच घटतें. म्हणून फ्रीज भिंतीस चिकटवून किंवा चुलीशेजारीं ठेवणें म्हणजे विहीर आपल्या हातानें खोल करणें होय. फ्रीजचें दार उघडें ठेवून खोली गार करूं पाहणाऱ्याची तर फसगतच व्हावयाची. आंतून काढलेली उष्णता त्याच खोलींत येते, आणि कॉम्प्रेसरनें खर्चिलेली वीजही शेवटीं उष्णताच होऊन तींत भर घालते.

आंतील मांडणींतही हाच विचार आहे. थंड हवा जड असते. ती खालीं उतरते. म्हणून साध्या फ्रीजमध्यें बर्फाचा कप्पा वर असतो, आणि हवेस वाट मिळावी म्हणून फळ्या जाळीच्या किंवा भोंवतीं फट ठेवून केलेल्या असतात. त्या कप्प्यावर हिमाचा जाड थर सांचला, तर तो गारवा वाढवीत नाहीं, उलट उष्णतेची वाट अडवितो. भिंतींत हलका फेस भरलेला असतो. कारण त्यांतील कोंडलेला वायु उष्णता फार सावकाश वाहूं देतो.

परंतु समोर उघडणाऱ्या दाराचा दोष मात्र सुटत नाहीं. दार उघडलें कीं जड थंड हवा पाण्यासारखी पायांवर ओघळून जाते. घरांत ही अडचण सोसण्याजोगी आहे, कारण उभ्या कपाटांत वस्तु चटकन् सांपडते. अक्राणी आणि अक्कलकुवा येथील सातपुड्याच्या डोंगराळ भागांत बालकांची लस ठेवावयाची असते, तेथें मात्र हें परवडत नाहीं. बहुतेक लशी २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात. उष्णतेनें त्यांचें सामर्थ्य घटतें, आणि कांहीं लशी गोठल्या तरीही निकामी होतात. म्हणून आरोग्यकेंद्रांतील लसपेटी उभी नसते. तिचें झांकण वरच्या बाजूस असतें. तें उघडलें तरी थंड हवा विहिरींतल्या पाण्यासारखी आंतच राहते. शिवाय तिच्या भिंतींलगत पाणी गोठवून बर्फाचें अस्तर केलेलें असतें. एक ग्रॅम बर्फ वितळण्यास ८० कॅलरी लागतात, आणि तो वितळत असेपर्यंत त्याचा पारा शून्यावरून हलत नाहीं. वीज गेली तरी बाहेरून झिरपणारी उष्णता तें अस्तर गिळीत राहतें. दिवसाच्या २४ तासांत सलग ८ तास वीज मिळाली, तरी अशा पेटीचें काम भागतें.

नर्मदेच्या जलाशयाकांठीं असे पाडे आहेत कीं, तेथें परिचारिकेस नावेंतून जावें लागतें. तिच्या खांद्यावरील लहानशा पेटींत जाड भिंती आणि बर्फाच्या चार थैल्या एवढेंच असतें. वीज नाहीं, यंत्र नाहीं. दूध नासलें तर वासावरून कळतें. लस बिघडली तर ती दिसावयास बहुधा पूर्वीसारखीच दिसते. म्हणून कुपीवर उष्णतेनें काळवंडणारी एक खूण छापलेली असते. घरांतील फ्रीज बिघडला तर एका दिवसाचें दूध जातें. लसपेटीचा गारवा सुटला तर एखादें मूल लस टोचूनही असंरक्षित राहतें. झांकण कोणत्या बाजूस असावें, या साध्या प्रश्नामागें एवढी मोठी जबाबदारी आहे.