त्रेसष्टाचे छत्तीस



जुलै संपत आला की नांदेडच्या वजिराबादेत काय किंवा लातूरच्या गंजगोलाईच्या आसपास काय, कर सल्लागारांच्या ऑफिसात पाय ठेवायला जागा नसते. आयकराचं रिटर्न भरायला आलेल्यांत शिक्षक असतात, बँकेतले असतात, पेन्शनर असतात, आडत दुकानदार असतात. टेबलाच्या अलीकडे सर बसलेले, मांडीवर फॉर्म सोळा, बँकेचे दाखले, विम्याच्या पावत्या. पलीकडे कॉम्प्युटरवर एखादा पोरगा. सर वाचतात, पोरगा एंट्री मारतो. सर म्हणतात, "एफडीचं व्याज, त्रेसष्ट हजार चारशे." आणि पडद्यावर उमटतात छत्तीस हजार चारशे.

सरांनी खोटं सांगितलं नाही. पोरगा बीकॉम झालेला आहे, त्याला त्रेसष्ट म्हणजे किती हे चांगलं ठाऊक आहे. तरी उलटं झालं, कारण मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो. 'त्रे' कानावर पडताच बोट तीनवर जातं, मागून साठ येतात, मग सहा दाबला जातो. माझा अनुभव असा, की नवशिक्यापेक्षा हात बसलेल्या माणसाकडून हे जास्त होतं. नवशिका शब्द पुरा होईपर्यंत थांबतो. सराईत थांबत नाही.

तुम्हाला आठवत असेल, २०१९च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून केवढा गदारोळ झाला होता. त्रेसष्टऐवजी 'साठ तीन', एकवीसऐवजी 'वीस एक' असं वाचायची पद्धत त्या पुस्तकात दिली होती. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांचं म्हणणं होतं, की जोडाक्षरांनी आणि उलट्या क्रमाने लहान मुलं अडखळतात. वर्तमानपत्रांत अग्रलेख आले, विधानसभेत कोट्या झाल्या. मराठी बुडाली, असं म्हणणारेही निघाले. मी काही 'साठ तीन' म्हणणार नाही, या वयात जीभ वळायची नाही. पण नारळीकरबाईंनी ज्या अडचणीवर बोट ठेवलं होतं ती दुसरीच्या वर्गात संपत नाही. ती कर सल्लागाराच्या टेबलापर्यंत येते.

आपल्या भागात तर हे शेजारीच पडताळून पाहता येतं. देगलूर, बिलोली, धर्माबादकडे तेलुगू बोलणारी घरं आहेत. त्यांचं त्रेसष्ट म्हणजे 'अरवै मूडू', साठ आधी आणि तीन नंतर. उदगीर-निलंग्याकडच्या कानडीतही 'अरवत्त मूरु', तोच क्रम. धर्माबादच्या मिरची बाजारात तेलुगूतून आकडा सांगणाऱ्याचा आणि लिहिणाऱ्याचा क्रम जुळतो. मराठी, हिंदी, उर्दूवाल्यांचा जुळत नाही. जर्मन लोकांचाही नाही, तेही 'तीन आणि साठ' असंच म्हणतात.

त्यात आपल्याकडे 'एकोण'चं कुटुंब वेगळं. एकोणसाठ म्हटलं की कानात 'साठ' राहतं आणि टाइप होतात एकोणसत्तर. शिवाय कागदावर आकडे मराठी असले तर आणखी एक घोळ. हाताने लिहिलेला मराठी एक घाईत इंग्रजी नऊसारखा दिसतो. जुनी पासबुकं आणि तलाठ्याच्या हातचे जुने उतारे पाहिलेत त्यांना हे सांगायला नको.

आता कुणी म्हणेल, सॉफ्टवेअर आहे ना, ते पकडेल की! काय पकडतं आणि काय नाही, ते नीट ऐका.

आधार क्रमांकाचे अंक बारा. त्यातला बारावा राखणदार आहे. आधीच्या अकरा अंकांवर एक ठरलेलं गणित करून तो काढलेला असतो. याकोबस व्हरहूफ नावाच्या डच गणितज्ञाने १९६९ साली ही रीत मांडली. एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटे पडले, तर शेवटचा अंक जुळत नाही आणि क्रमांक जागच्या जागी नाकारला जातो. जीएसटी क्रमांकाचं पंधरावं अक्षर असंच आहे, पॅनचं दहावं अक्षरही त्याच कामाचं. बँकेच्या आयएफएससी कोडमध्ये अकरा अक्षरं, त्यातलं पाचवं नेहमी शून्य. तिथे पुष्कळ जण इंग्रजी 'ओ' दाबतात आणि मग कोड चालेना म्हणून बँकेला दोष देतात.

पण रुपयांच्या आकड्याला राखणदार नाही. छत्तीस हजार चारशे हा अगदी व्यवस्थित आकडा आहे. सॉफ्टवेअर तो घेतं, बेरीज करतं, कर काढतं, एक रुपयाची चूक करत नाही. फक्त तो आकडा तुमचा नसतो. तुमच्या बँकेने त्रेसष्ट हजार चारशे आधीच आयकर खात्याला कळवलेले असतात. ते तुमच्या एआयएसमध्ये, म्हणजे २०२१च्या नोव्हेंबरपासून पोर्टलवर दिसणाऱ्या वार्षिक माहितीपत्रकात, येऊन बसलेले असतात. सत्तावीस हजारांचा फरक तिथे उघडा पडतो.

या सत्तावीस हजारांकडे जरा पाहा. त्याला नऊने भाग जातो. शेजारचे कुठलेही दोन अंक उलटे पडले, की खऱ्या आणि चुकीच्या आकड्यातल्या फरकाला नऊने भाग जातोच जातो. एक शून्य जास्त पडलं, पंचेचाळीसशेचे पंचेचाळीस हजार झाले, तरीही फरक चाळीस हजार पाचशे, म्हणजे नऊ गुणिले पंचेचाळीसशे. कॉम्प्युटरच्या आधीपासून हिशेबनीस ही युक्ती वापरत आले आहेत. जमा आणि नावे जुळेना, की आधी फरक नऊने भागून बघायचा. भाग गेला म्हणजे चूक तीच असेल असं नाही, पण शोधायला कुठून सुरुवात करायची ते कळतं.

आता सातबाऱ्याकडे येतो, कारण मराठवाड्यातल्या नोकरदाराच्या रिटर्नमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. मास्तर जिल्हा परिषदेत, जमीन लोह्याला किंवा औशाला, सोयाबीन आणि तूर आडतीवर जाते. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, हे सगळ्यांना माहीत. म्हणून ते लिहायचंच नाही, असं पुष्कळ जण धरून चालतात. तसं नाही. शेतीचं उत्पन्न वर्षाला पाच हजारांच्या वर गेलं, की 'सहज' नावाचा एक नंबरचा फॉर्म चालत नाही, दुसरा घ्यावा लागतो. आणि बाकीचं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर असेल, तर कराचा दर ठरवताना हे शेतीचं उत्पन्न हिशेबात धरलं जातं. शेतीवर कर लागत नाही, पण पगारावरचा कर त्याने वाढू शकतो.

शेतीचं निव्वळ उत्पन्न पाच लाखांच्या वर असेल, तर फॉर्म आणखी विचारतो: जमीन कोणत्या जिल्ह्यात, पिनकोड काय, स्वतःची की भाडेपट्ट्याची, बागायत की कोरडवाहू, आणि क्षेत्र किती. ते क्षेत्र एकरात मागितलेलं असतं. आपला सातबारा मात्र हेक्टर आणि आरमध्ये. उताऱ्यावर एक हेक्टर बासष्ट आर लिहिलेलं असतं, एंट्री करणारा ते जसंच्या तसं उतरवतो, आणि चार एकराची जमीन फॉर्ममध्ये एक पूर्णांक बासष्ट एकर होते. मग तेवढ्याशा तुकड्यात पाच-सात लाख पिकले कसे, हा प्रश्न कुणाला पडला तर त्याचा काय दोष? शेतकऱ्याने खरं सांगितलं, उतारा खरा, उत्पन्न खरं, आणि कागदावर दिसतं ते संशय यावा असं. म्हणून हे लिहून घ्या: एक हेक्टर म्हणजे दोन पूर्णांक सत्तेचाळीस एकर. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे, आणि आरमध्ये साडेचाळीसच्या जरा खाली. गुंठा आणि आर जवळजवळ सारखे, त्यामुळे तिथे फार बिघडत नाही. हेक्टर आणि एकरात मात्र अडीच पटींचा फेर पडतो.

व्यवसाय कराचंही एक छोटं सांगून टाकतो. जुनी करप्रणाली घेणाऱ्यालाच त्याची वजावट मिळते. महाराष्ट्रात पगारातून तो महिन्याला दोनशे कापला जातो, म्हणून बाराने गुणून चोवीसशे लिहिणारे दर वर्षी भेटतात. फेब्रुवारीत तीनशे कापतात. वर्षाचे पंचवीसशे होतात.

आणि जे आकडे पोर्टल आपण होऊन भरून देतं त्यांचं काय? सरकारनेच भरले म्हणजे बरोबर, असं समजून लोक पुढे जातात. पण तेही कुणीतरी टाइप केलेलेच आहेत, बँकेतल्या किंवा शाळेच्या कार्यालयातल्या एखाद्या बाबूने. कर्मचाऱ्यांच्या यादीत एक ओळ सरकली, की कुलकर्णी सरांचा कापलेला कर कांबळे सरांच्या पॅनवर जमा दिसतो. पॅन दोन्ही खरे, त्यामुळे मशीन गप्प. अशा वेळी स्वतःच्या रिटर्नमध्ये आकडा ठोकून बसवू नका. ज्या कार्यालयाने कर कापला, त्यालाच दुरुस्तीचं विवरण भरायला लावावं लागतं. एआयएसमध्ये व्याज दोनदा आलं असेल किंवा तुमचं नसलेलं आलं असेल, तर तिथेच तसं नोंदवायची सोय आहे. ती फारसं कुणी वापरत नाही.

वर्षाचाही घोळ असतोच. कमाईचं वर्ष एक आणि निर्धारण वर्ष त्याच्या पुढचं, त्यात चलन भरताना पैसे भलत्या वर्षाला जमा होतात. २०२५च्या नव्या आयकर कायद्याने १ एप्रिल २०२६पासून एकच 'कर वर्ष' आणलं आहे. मागच्या कमाईपुरता जुना घोळ मात्र काही काळ सोबत राहील.

मग करायचं काय? पहिलं म्हणजे आकडा शब्दात सांगू नका. "सहा, तीन, चार, शून्य, शून्य" असा एकेक अंक सांगा. दुसरं, टाइप करणाऱ्याने पडद्यावरून परत वाचून दाखवायचं आणि तुम्ही कागदावर बोट ठेवून ऐकायचं. तुम्हीच वाचायचं आणि तुम्हीच मान डोलवायची, याला तपासणी म्हणत नाहीत. बँकेच्या दाखल्यात पैसे असतात, खान्यात पूर्ण रुपये लिहायचे असतात. मधला बिंदू गळला की बारा हजारांचे बारा लाख होतात. आणि सगळं भरून झालं की पानं छापून किंवा मोबाइलवर मागून घ्या, घरी शांतपणे वाचा.

रिटर्न पाठवल्यावर ते तीस दिवसांच्या आत प्रमाणित करावं लागतं. त्यासाठी बहुतेकांच्या मोबाइलवर ओटीपी येतो. खालचं सत्यतेचं विधान तुमच्या नावाने असतं, टाइप करणाऱ्या पोराच्या नाही. तेव्हा "सर, ओटीपी सांगा" असा फोन आला, की आधी विचारा, पानं पाठवली का? पानं वाचून झाली असतील तर मग सांगा. आणि गंमत बघा, ओटीपी सांगताना कुणीही "चार लाख त्रेसष्ट हजार" म्हणत नाही. शाळा न शिकलेली म्हातारीसुद्धा नातवाकडून एकेक अंक वाचून घेते.