सात बहिणींच्या डोंगरावर

श्रोतेहो, डोंगरावरची सहल म्हटली की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे सह्याद्री उभा राहतो. पूर्वेकडच्या झाडीपट्टीत नुसते जंगल आहे, डोंगर कुठले, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नव्हे. गडचिरोली जिल्ह्यात टिपागड आहे. चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याच्या पलीकडे माणिकगड आहे. आणि नागभीड तालुक्यात पेरजागड आहे. लोक त्याला सात बहिणींचा डोंगर म्हणतात आणि श्रद्धेने तेथे जातात. १९८२ साली गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. तोपर्यंत हा सारा मुलूख एकाच चंद्रपूर जिल्ह्यात होता. जिल्हे दोन झाले, पण जंगलाला ते ठाऊक नाही. ते इकडून तिकडे तसेच पसरलेले आहे.

हे डोंगर फार उंच नाहीत. कमरेला पाण्याची बाटली लटकवावी आणि दुपारच्या जेवणाला वर पोचावे, असे ते खालून दिसतात. आणि नेमकी फसगत होते ती इथेच. सह्याद्रीत कडा समोर दिसतो, म्हणून माणूस जपून असतो. इकडे कड्यापेक्षा जपावे लागते ते वेळेला. हे कसे, ते आमच्याच एका सहलीवरून सांगतो.

डिसेंबरचा महिना होता. आम्ही पाच मित्र. एक शाळामास्तर, एक वकील, एक बँकेतला, एक मुंबईहून मुद्दाम आलेला आणि मी. बेत आखला होता मुंबईकराने, आणि तो अगदी मिनिटांच्या हिशेबाने. अकराला माथ्यावर, तिथे जेवण, तीनला पायथ्याशी, मग घोडाझरी तलावाच्या काठावर बसून सहाचा सूर्यास्त पाहायचा. कागदावर बेत देखणा होता. फक्त सूर्याला तो कोणी कळवला नव्हता!

गंमत अशी की घड्याळ साऱ्या देशाचे एक असले तरी सूर्य काही सगळीकडे एकाच वेळी मावळत नाही. मुंबई आणि नागभीड यांच्या रेखांशांत जवळजवळ सात अंशांचे अंतर आहे. एका अंशाला चार मिनिटे धरा. डिसेंबरच्या मध्याला मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, तेव्हा इकडे साडेपाचलाच तो गेलेला असतो. डोंगराच्या सावलीत आणि बांबूच्या रांजीत तर पाचलाच अंधारू लागते. म्हणजे मुंबई-पुण्याकडचा माणूस खिशात अर्धा तास जास्तीचा आहे असे समजून इकडे येतो, आणि तो अर्धा तास मुळी नसतोच.

निघायला उशीर झाला. नागभीडला चहा झाला, पोहे झाले, पुन्हा चहा झाला. चढ सुरू केला तेव्हा दहा वाजून गेले होते. वकील आणि बँकवाले पायाने चपळ. ते पुढे निघून गेले. "वर भेटू," एवढेच म्हणाले. वर म्हणजे नेमके कुठे, ते कोणी विचारले नाही. आम्ही तिघे मागून चाललो होतो. वाटेत एक म्हातारा ढोरकी भेटला. त्याची गुरे खालच्या उतारावर चरत होती. आम्ही नवखे दिसलो म्हणून आपली गुरे जोडीदाराला सांभाळायला सांगून तो आमच्याबरोबर चालू लागला.

अर्ध्या चढावर तो एकदम थांबला. नाक वर करून म्हणाला, "धूर कोनाचा?" आम्हाला काहीच वास नव्हता. वरच्या बाजूला कोण्या दुसऱ्या मंडळींनी स्वयंपाकासाठी तीन दगड मांडून चूल पेटवली होती, हे नंतर कळले. या डोंगराच्या कपारींत आग्या मोहोळे असतात. पेटीत पाळतात त्या मधमाश्या निराळ्या. ही आकाराने मोठी, उघड्यावर एकच मोठे पोळे बांधणारी जात. धूर लागला की सारे पोळे उठते. एकीने डंख मारला की त्या जागी एक वास राहतो आणि त्या वासावर बाकीच्या येतात. म्हणून हात झाडू नये, माशी मारू नये. तोंड झाकावे आणि पोळ्यापासून दूर झपाट्याने निघावे.

ढोरक्याने खांद्यावरचे घोंगडे मास्तरांच्या डोक्यावर टाकले आणि आम्हाला झुडपांतून खाली पिटाळले. मुंबईकराने मात्र दोन्ही हात झाडले. आठ-दहा डंख बसले. एका झऱ्यापाशी पोचलो तेव्हा त्याचा एक डोळा पुरता मिटला होता. मास्तरांनी नखाने खरवडून काटे काढले. काटा अंगात राहिला तर विष काही काळ आत जातच राहते, म्हणून तो जितक्या लवकर निघेल तितके बरे. थोड्या वेळाने मुंबईकराला उलटी झाली. आता त्याला दवाखान्यात नेणे भाग होते.

पण पुढे गेलेले दोघे? मोबाईलला रेंज नव्हती. वर जाऊन शोधावे, तर माश्या शांत झालेल्या नव्हत्या. सोडून जावे, तर ते आम्हाला शोधत अंधारापर्यंत डोंगरावर फिरत राहिले असते. आणि हा ताडोबाजवळचा, ब्रह्मपुरीकडचा मुलूख. वाघ अभयारण्याची पाटी वाचून आत राहत नाही. या भागातली गावे ते चांगले ओळखून आहेत.

निर्णय ढोरक्याने घेतला. "मास्तर, तुमी यायले घेऊन खाली जा. आमी दोघं थांबतो." मग त्याने कुऱ्हाडीच्या उलट्या बाजूने एका वाळक्या खोडावर ठोके द्यायला सुरुवात केली. तीन ठोके, थांबा; तीन ठोके, थांबा. सव्वाचार वाजता डोंगराच्या दुसऱ्या अंगाने दोघे ओरखडलेले, घाबरलेले आले. ठोक्यांच्या रोखानेच ते उतरले होते.

खाली येईपर्यंत साडेपाच झाले. बांबूत काळोख दाटला होता. पलीकडच्या नाल्यात सांबर ओरडले तसे ढोरक्याने आम्हाला एकमेकांना चिकटून, मोठ्याने बोलत चालायला सांगितले. वकिलांना त्या दिवशी प्रथमच बोलायला विषय सापडेना! गावात पोचलो तेव्हा कळले, मुंबईकराला इंजेक्शन मिळाले होते. दोन दिवसांत तो बरा झाला.

आता खरी गोष्ट पुढेच आहे. आम्ही गावात चहा घेत होतो, आणि ढोरक्याची गुरे घरी आली होती. त्यांत एक कालवड नव्हती. कालवड त्याची स्वतःची नव्हे, गावातल्या दुसऱ्याची. तो म्हातारा चहा तसाच ठेवून, दोन माणसे आणि बॅटरी घेऊन पुन्हा त्याच अंधारात निघाला. रात्री ती सापडली नाही. सकाळी बोडीच्या काठावर चरताना सापडली, हे त्याचे नशीब. आम्ही दिलेले पैसे त्याने परत केले, आणि थर्मास तेवढा आवडला म्हणून ठेवून घेतला.

श्रोतेहो, सहलीचा बेत फसला की आपण म्हणतो, मजा गेली. पण जंगलात फसलेल्या बेताचा खर्च पुष्कळदा दुसऱ्याच्या खाती पडतो. आपण जातो हौसेने. तिथली माणसे मोहाला, तेंदूपानाला, गुरांमागे जातात ती पोटासाठी. त्यांचा दिवस आपल्यासाठी मोडू नये, एवढी काळजी घेणे अवघड नाही.

तेव्हा इकडे आलात तर बेत सकाळपासून पुढे आखू नका. सूर्यास्तापासून मागे आखा. दिवस असेपर्यंत गावात, म्हणजे इतक्या वाजता पायथ्याशी, म्हणजे इतक्या वाजता परत फिरायचे. माथा आला असो वा नसो. पाच जण गेलात तर पाचही जण एकत्र चाला. डोंगरावर चूल नको, अंगाला अत्तर नको. गावातला माणूस बरोबर घ्या, त्याच्या दिवसाची मजुरी निघण्यापूर्वीच ठरवा, आणि तो "आज नोको" म्हणाला तर वाद घालू नका.

डोंगर तिथेच आहे. सात बहिणी कुठे जात नाहीत. पुढच्या डिसेंबरात पुन्हा जाता येईल, आणि त्या वेळी पोहे आदल्या रात्रीच बांधून घेता येतील.