पुनर्विकासाआधी शेजाऱ्यांना विचारू या

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सोसायटीला पंचवीस वर्षं झाली, त्याबद्दल सर्वांचं अभिनंदन. आज गोड बोलायचा दिवस आहे, पण मी बँकेतला माणूस. शिल्लक मोजताना पुढचं देणंही बघायची सवय आहे, म्हणून थोडं कामाचं बोलतो.

खाडीची खारी हवा आपल्या लोखंडाला सोडत नाही. जिन्यातले पोपडे तुम्ही रोज बघता. आणखी पाच-सात वर्षांत पुनर्विकासाचा प्रश्न दारात येणार. खरं म्हणजे आलाच आहे. खाली दुकानं, वर ऑफिसं, त्यावर घरं, गच्चीवर सोलर, अशी रंगीत चित्रं काही जणांच्या मोबाईलवर फिरतायत. अटल सेतू झाला, उरणची लोकल सुरू झाली, विमानतळ आला. जागेला भाव आला की चित्रं येतातच.

सभासदांना कसं विचारायचं, हे सरकारने ठरवून दिलंय. कलम ७९(अ) खाली २००९ साली निर्देश आले आणि ४ जुलै २०१९ ला ते सुधारले. विशेष सर्वसाधारण सभेला दोन तृतीयांश सभासद हजर हवेत आणि एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती हवी. जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्यावर असेल तर सिडकोची परवानगी वेगळी. हे सगळं आपण करूच. माझा प्रश्न दुसराच आहे. कुंपणाच्या पलीकडे जे राहतात, त्यांना कोण विचारणार?

बँकेत कर्जाचा अर्ज आला की आम्ही कागद तपासायचो, आणि जमलं तर शेजारीपाजारीही चौकशी करायचो. कागदावर माणूस किती कमावतो ते कळतं. तो कसा वागतो ते शेजारी सांगतात. इमारतीचंही तसंच आहे. जोत्याची उंची नकाशात एक आकडा असतो. पण आपण भरणी करून दोन-तीन फूट वर गेलो, तर पावसाचं पाणी कुठे जाणार? शेजारच्या बैठ्या घरात. ते नकाशा सांगणार नाही, तिथली वहिनी सांगेल.

आणि ही गव्हाणची भूमी आहे, हे विसरू नका. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. शेतकऱ्याला नोटीस आली, मत कुणी विचारलं नाही. पुढे काय झालं ते इथल्या जुन्या माणसांना सांगायला नको. जानेवारी १९८४ मध्ये आपल्या शेजारच्या उरण भागात, दि. बा. पाटील साहेबांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पाच शेतकरी गोळीबारात हुतात्मा झाले. साडेबारा टक्के योजना त्या लढ्यातून आली. आधी न विचारल्याची ही किंमत होती. आपण राहतो ती जमीन कुणाची तरी भातशेती किंवा मिठागर होती. म्हणून गावठाणातल्या माणसांना विचारणं हे त्यांच्यावर उपकार नव्हेत, ते आपल्याकडे असलेलं देणं आहे.

काही जण म्हणतील, "काका, दहा जणांना विचारलं तर दहा मतं येतील, काम लांबेल." बरोबर आहे, मतं येतील. पण न विचारल्यानेही काम लांबतंच. मुंबईचा विकास आराखडा २०१५ च्या फेब्रुवारीत जाहीर झाला. उभ्या इमारतींवरून रस्ते दाखवले होते! हजारो हरकती आल्या. एप्रिलमध्ये तो नव्याने करायचा आदेश निघाला आणि मंजुरीला २०१८ उजाडलं. उलट पुण्याजवळ हडपसरला मगरपट्ट्यात सतीश मगर यांनी सुमारे १२० शेतकरी कुटुंबांना आधी एकत्र बसवलं. चारशे एकरांहून जास्त जमीन एकत्र आली, ज्याची जेवढी जमीन तेवढा त्याचा हिस्सा. घरं, कंपन्या, शाळा, दवाखाना, बाग, सगळं एकाच ठिकाणी उभं राहिलं. आपला प्लॉट त्यापुढे रुमालाएवढा आहे, पण आधी बसून बोलायचं, हे लहान जागेलाही लागू आहे.

शेजाऱ्याने नाही म्हटलं तर काम थांबवायचं, असं मी म्हणत नाही. निर्णय सभासदांचाच. पण ऐकून घेऊन निर्णय घेणं वेगळं.

माझी सूचना साधी आहे. आर्किटेक्ट नकाशा पक्का करायच्या आधी तीन बैठका घ्या. एक तळमजल्यावरच्या दुकानदारांबरोबर. बांधकामाच्या काळात ते पोट कुठे भरणार आणि नंतर कुठे बसणार? दुसरी समोरच्या सोसायट्यांबरोबर. ऊन, वारा, पार्किंग, पाण्याचा दाब. तिसरी गावठाणात, त्यांच्या सोयीच्या वेळी, त्यांच्या अंगणात. त्यांना आपल्या हॉलमध्ये खुर्च्या मांडून बोलावू नका. आणि आपल्याकडे भाड्याने राहणारे व कामाला येणाऱ्या ताई यांनाही विचारा. जिना आणि गेट सगळ्यात जास्त त्याच वापरतात.

प्रत्येक बैठकीत तीनच प्रश्न विचारायचे. तुम्हाला भीती कशाची? तुम्हाला इथे काय हवंय? आमचं काय खटकतं? उत्तरं वहीत लिहायची. प्रत्येक सूचनेपुढे "मान्य" किंवा "अमान्य, कारण अमुक" असं लिहून ती यादी फलकावर लावायची. अमान्य झालं तरी कारण कळलं की माणूस निम्मा शांत होतो, हा माझा काउंटरवरचा अनुभव आहे.

पावसाचं पाणी जिरवणं, सांडपाण्यावर प्रक्रिया, जुनी झाडं राखणं, हे सगळं पर्यावरणाच्या नावाखाली माहितीपत्रकात छापून येईलच. पण ज्या इमारतीमुळे शेजाऱ्याच्या घरात पाणी शिरतं, तिला टिकाऊ कसं म्हणायचं?

नव्या इमारतीत मी असेन की नाही, देव जाणे. माझी नातवंडं असतील, तुमची असतील, आणि पलीकडच्या घरातलीही तिथेच असतील. त्यांनी एकमेकांना हाक मारावी, कोर्टाची नोटीस पाठवू नये, एवढीच इच्छा आहे.

येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा, ही कमिटीला विनंती. पहिल्या बैठकीच्या चहाचा खर्च माझ्याकडे.