सोन्याचं खातं वेगळं, चांदीचं वेगळं

रायपूरच्या सदर बाजारातून बोलतोय. खाली सराफा आहे, अधूनमधून हॉर्न ऐकू येतील, तेवढं सांभाळून घ्या.

दोन सदिशांची बेरीज मुलांना जमते, चार आले की गाडी अडते. कारण ती दोन-दोन घेऊन समांतरभुज चौकोन काढत बसतात. चारांसाठी तीन चौकोन, दर वेळी नवा कोन. त्या वाटेला जाऊच नका.

फौजेत रात्री कंपासवर बेरिंग धरून, पावलं मोजत चालतात. समजा, तुकडी तळावरून निघाली: ० अंशावर ४०० मीटर, ६० वर ६००, १५० वर ४००, २७० वर ३००. तिथे एक जवान जखमी झाला. स्ट्रेचर घेऊन आल्या वाटेनं परतायचं तर १७०० मीटर. सरळ गेलो तर किती, आणि कुठल्या दिशेनं?

आता सराफाची वही आठवा. सोन्याच्या तोळ्यांत तो चांदीचे तोळे मिळवत नाही. खाती दोन. आपलं उत्तर म्हणजे सोनं, पूर्व म्हणजे चांदी. दक्षिण आणि पश्चिम नावे टाकायचं. प्रत्येक टप्प्याचे दोन घटक पाडा: अंतर गुणिले कोसाइन उत्तरेच्या खात्यात, अंतर गुणिले साइन पूर्वेच्या.

उत्तर: ४०० जमा, ३०० जमा, ३४६ नावे, शेवटी शून्य. शिल्लक ३५४. पूर्व: शून्य, ५२० जमा, २०० जमा, ३०० नावे. शिल्लक ४२०. दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ: सुमारे ५५० मीटर. ४२० भागिले ३५४ हा टॅन्जंट, म्हणजे कोन ५० अंश. परतीसाठी १८० मिळवा: २३० अंश. स्ट्रेचरचं अंतर एक तृतीयांशावर आलं.

ते ३४६ चुकून जमा धरलंत, तर जखमी तळाच्या दक्षिणेला जवळपास ७०० मीटर भलतीकडे पोहोचेल. परीक्षेत त्याचा एखादा गुण जातो.

आणखी एक. पुस्तकातला कोन पूर्वेकडच्या एक्स-अक्षापासून घड्याळाच्या उलट मोजतात, कंपासचा उत्तरेपासून घड्याळाप्रमाणे. म्हणून इथे साइन-कोसाइनच्या जागा बदलल्या. एनडीएची तयारी करणाऱ्यांनी हे लिहूनच ठेवा.

कुठला सदिश आधी मिळवायचा? कागदावर काही फरक पडत नाही. जमिनीवर पडतो, मधे नाला असू शकतो. सरळ रेषा मिळाली तरी आधी नकाशावरच्या समोच्च रेषा बघायच्या, मग स्ट्रेचर उचलायचं.

आता तुम्ही करा: पाचवा टप्पा, १८० अंशावर ३५४ मीटर. तळ किती लांब आणि कुठल्या बेरिंगवर?