आता चाल कोणाची?

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



मुलांना मोबाईलच्या खेळांपासून परावृत्त करणारे चार शब्द बोला, असे मला सुचविण्यात आले होते. ते काम पालक घरी रोज करीतच आहेत आणि त्याला किती यश येते हे आपण सर्व जाणतो. म्हणून मी जरा वेगळी वाट धरतो. मुलांच्या हातातला हा खेळ आतून चालतो कसा आणि तो बनविणाऱ्याला कसला विचार करावा लागतो, हे आज पाहू.

उदाहरण घेऊ लुडोचे. हा खेळ मूळचा आपला पचिसीचा. फत्तेपूर सिक्रीला अकबर बादशहाच्या काळचा दगडी पट आजही दाखवितात. इंग्रजांनी तो सोपा केला आणि १८९६ साली लुडो या नावाने त्याचे पेटंट घेतले. पुढे २०१६ साली नवी मुंबईच्या गेमेशन या कंपनीने ‘लुडो किंग’ मोबाईलवर आणला. २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी तोच चालू होता. मुंबईचे मामू, पारगावची नानी आणि आखातात नोकरीला असलेले चाचा एकाच पटावर बसले. आजवर तो १० कोटींहून अधिक वेळा मोबाईलवर उतरवला गेला आहे.

घरी चटईवर खेळताना “आता चाल कोणाची?” हा प्रश्न आपण डोळ्यांनी सोडवितो. कोणी घाई केली तर दादी हातावर चापट मारते. यंत्राला डोळे नाहीत आणि दादीही नाही. त्याला प्रत्येक गोष्ट आधी सांगून ठेवावी लागते.

प्रथम गणित पाहू. चार खेळाडूंना ०, १, २, ३ असे क्रमांक द्या. चाल संपली की क्रमांकात १ मिळवा, ४ ने भागा आणि बाकी घ्या. ३ नंतर ४ येतात, ४ ला ४ ने भागून बाकी ०, म्हणजे चाल पुन्हा पहिल्याकडे. सहावीतली बाकी इतक्या उपयोगाची आहे! पण एवढ्याने भागत नाही. सहा पडले तर चाल त्याच्याकडेच राहते. सोंगटी मारली तरी आणखी एक दान मिळते. लागोपाठ तीन सहा पडले (२१६ त एकदा) तर बहुतेक ठिकाणी ती चाल बाद करतात. ज्याच्या चारही सोंगट्या घरी गेल्या त्याला वगळून पुढे जायचे. म्हणजे बाकी काढण्यापूर्वी यंत्राने चार प्रश्न विचारले पाहिजेत, आणि तेही ठराविक क्रमाने.

शिवाय एका चालीचेही टप्पे असतात. फासा टाकण्याची वाट पाहणे, सोंगटी निवडण्याची वाट पाहणे, सोंगटी सरकविणे, चाल पुढे देणे. सध्या कोणता टप्पा आहे याची नोंद नसेल, तर एखादा चलाख मुलगा फाशावर दोनदा बोट मारून दोन दाने घेईल. हलण्याजोगी सोंगटीच नसेल तर यंत्राने स्वतःहून चाल पुढे द्यावी, नाहीतर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसतील.

आता फासा टाकतो कोण? विद्यार्थी चटकन म्हणतील, ज्याची चाल त्याचा मोबाईल. पण मग त्या मोबाईलमध्ये खाडाखोड करून दरवेळी सहा पाडणारा निघणार नाही कशावरून? म्हणून नीट बनविलेल्या खेळात दान मधला सर्व्हर ठरवितो. तुमचा मोबाईल फक्त विनंती करतो आणि आलेले दान दाखवितो.

यातला खरा अवघड भाग मात्र पुढे आहे. चाल आपल्याकडे आली आणि आपणच नाही, तर काय? आपण शेतकरी माणसे, कालव्याची शेजपाळी आपल्याला ठाऊक आहे. ओळीने एकाचे भरणे झाले की शेजारच्याचे. रात्री दोनला पाळी आली आणि माणूस बांधावर नसला, तर पाणी काही त्याच्यासाठी थांबून राहत नाही. बुद्धिबळातही पूर्वी लोक तासन्‌तास विचार करीत बसत. १८८३ च्या लंडन स्पर्धेपासून जोडघड्याळ आले आणि आपला वेळ आपल्याच खात्यातून खर्च होऊ लागला. पुढे बॉबी फिशरने दर चालीला काही सेकंद वाढवून देणाऱ्या घड्याळाचे पेटंट १९८० च्या दशकाअखेरीस घेतले. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ चा महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा अंतिम सामन्यातले दोन्ही नेहमीचे डाव बरोबरीत सुटले होते. निकाल लागला तो कमी वेळाच्या जलद डावांत.

मोबाईलच्या लुडोत दर चालीला १५ सेकंद दिले, तर तीन जणांसाठी फार तर ४५ सेकंद थांबावे लागते, सहा पडत गेले तर थोडे अधिक. हे ठीक आहे. पण मंद खेळणारा आणि रेंज गेलेला या दोघांना एकच न्याय लावणे मला पटत नाही. शहरात बसून खेळ बनविणाऱ्याच्या टेबलावर रेंज कायम भरलेली असते. आपल्याकडे पाऊस आला की वीज जाते आणि पाठोपाठ रेंजही जाते. अशा मुलाची चाल हुकली तर तो हळू नव्हता, त्याला ऐकूच आले नव्हते. म्हणून संपर्क तुटलेल्याला वेगळी सवलत हवी, उदाहरणार्थ संपूर्ण डावात मिळून दोन मिनिटे. तो परत आला की सर्व्हरने त्याला अख्खा पट नव्याने पाठवावा. प्रत्येक चालीला क्रमांकही हवा. म्हणजे रेंज येता-जाता तोच निरोप दोनदा पोचला, तरी सोंगटी दोनदा हलणार नाही.

पैसे लावलेल्या डावात हाच प्रश्न किती कडू होतो पाहा. रेंज गेली, चाल गेली, रुपये गेले, आणि दाद मागायची कोणाकडे? पैशांचा लुडो हा कौशल्याचा खेळ नसून नशिबाचा आहे, अशी याचिका २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयात दाखल झाली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदाच केला. जुगार आपल्याकडे हराम आहेच, आता तो मोबाईलवरही बेकायदा आहे. पालकांनी मुलाचा मोबाईल पाहताना कोणता खेळ आहे एवढेच न पाहता, त्यात पैसे भरण्याची सोय आहे का, हे आधी पाहावे.

घाईशिवाय खेळण्याचीही पद्धत आहे. पूर्वी लोक पोस्टकार्डावर एकेक चाल लिहून बुद्धिबळ खेळत. लिचेस नावाच्या विनामूल्य संकेतस्थळावर आजही एका चालीला काही दिवसांची मुदत घेऊन डाव मांडता येतो. अभ्यास सांभाळून खेळायचे तर मला हीच पद्धत बरी वाटते. शाळा सुटल्यावर एक चाल करावी आणि मोबाईल अब्बांच्या हाती द्यावा.

एक प्रश्न मी मुद्दाम उघडा ठेवतो. एखादा खेळाडू मध्येच कायमचा निघून गेला, तर त्याच्या सोंगट्यांचे काय करायचे? उचलून टाकल्या, तर त्याच्या मागे अडकलेल्याचा फुकट फायदा होतो. यंत्राकडून हलविल्या, तर राहिलेले म्हणतात, आम्ही यंत्राशी खेळायला बसलो नव्हतो. तशाच ठेवल्या, तर पटावर अडथळा. आठवी ते दहावीच्या ज्या मुलामुलींना यावर डोके चालवायचे असेल, त्यांनी येत्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर संगणक कक्षात यावे. चौघे खेळाडू होतील, पाचवा सर्व्हर होईल आणि प्रत्येक चाल वहीत लिहील. येताना वही, फासा आणि सोंगट्या आणाव्यात. मोबाईल घरीच ठेवावा.