मानलेले घर

(मंडळाच्या वर्धापनदिनी शिरूर येथे केलेले भाषण)



यंदा प्रत्येकीने आपण पाहिलेल्या एखाद्या नाटकाविषयी किंवा मालिकेविषयी चार शब्द बोलावेत असे ठरले आहे. मी माझा विषय सांगितला तेव्हा चिटणीसबाई हळूच म्हणाल्या, "बाई, जरा जपून." मी जपूनच बोलेन. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. व्याख्यान देण्याची सवय नाही. चुकले-माकले तर सांभाळून घ्यावे.

माझी मुलगी मोबाईलवर थायलंड देशाच्या मालिका बघत असते. प्रथम मला राग येई. अभ्यास टाकून हे काय? पण एके दिवशी मेथी निवडता निवडता मीही डोकावले, आणि मेथी तशीच राहिली. मालिकेचे नाव 'मूनलाइट चिकन', २०२३ सालची, आठच भागांची. खाली इंग्रजी अक्षरे येतात, ती वाचून मुलगी मला अर्थ सांगे. पट्टाया म्हणून समुद्रकाठचे शहर आहे. तेथे जिम नावाचा एक गृहस्थ रात्री कोंबडी-भाताची खाणावळ चालवतो. आईपासून दूर राहिलेला भाचा याच्याजवळ वाढतो. जिमचे मन बायकांकडे नाही, पुरुषाकडे आहे, आणि ते तेथे कोणी ओरडून सांगत नाही, लपवीतही नाही. भाच्याला एक मित्र मिळतो, श्रीमंताघरचा पण बहिरा. त्या मुलाचे आईबाप त्याच्या हातांच्या खुणा शिकले नाहीत. हा खाणावळीतला पोरगा शिकतो. मला सगळ्यांत तेच लागले. जन्म देणाऱ्यांना जी भाषा शिकायला सवड झाली नाही, ती परक्याने शिकावी!

मालिका संपल्यावर मुलगी म्हणाली, "आई, असे आपल्याकडे नसते ना?" मी काही बोलले नाही. कारण आपल्याकडे असते, आणि माझ्याच घरी होते.

माझे माहेर दौंडचे, हे आपणा पुष्कळजणींना ठाऊक आहे. आमच्या शिरूर तालुक्यात रेल्वे नाही, त्यामुळे लग्न होऊन आले तेव्हा गाडीची शिट्टी ऐकू येईना आणि मला झोप लागेना. त्या स्टेशनातूनच माझा धाकटा भाऊ २००० साली निघून गेला. वय सतरा. लहानपणापासून माझ्या ओढण्या घेई, भातुकलीत आईच होई. शाळेत पोरे छळत आणि घरी दादा मारीत. गेला त्या दिवशी दादा एवढेच म्हणाले, "गेला तर गेला." कोणी तक्रार केली नाही, की शोध घेतला नाही. आई मात्र डोळे दाखवायला पुण्याला जाई, तेव्हा गाडीत टाळ्या वाजवीत कोणी आल्या की पदराच्या गाठीतले दहा रुपये काढून देई आणि प्रत्येकीचे तोंड निरखून बघे. मला वाटे आईला पुण्याची हौस आहे. खरी गोष्ट मला फार उशिरा कळली.

आता दुसरी मालिका. तिचे नाव 'ताली', तीही २०२३ सालचीच, आणि दिग्दर्शक आपले रवी जाधव, ज्यांनी 'नटरंग' केला ते. सुश्मिता सेन यांनी त्यात गौरी सावंत यांची भूमिका केली आहे. गौरीताई मूळच्या पुण्याच्या. जन्मनाव गणेश, वडील पोलीस खात्यात. आई लहानपणीच गेली. घर सोडून त्या मुंबईस गेल्या आणि पुढे २००० साली 'सखी चारचौघी' ही संस्था उभी केली. माझा भाऊ गेला ते हेच साल, हे मी नंतर मनाशी जुळवून पाहिले. तृतीयपंथीयांच्या हक्कांसाठी जे सर्वोच्च न्यायालयात गेले त्यांत त्या होत्या, आणि १५ एप्रिल २०१४ रोजी न्यायालयाने या लोकांना स्वतंत्र ओळख दिली.

पण मला सांगायची आहे ती गायत्रीची गोष्ट. तिची आई वेश्याव्यवसायात होती, ती एड्सच्या आजारात वारली. पोरीला विकणार आहेत असे गौरीताईंच्या कानावर आले आणि त्यांनी तिला आपल्याकडे आणले. २०१७ साली विक्सची एक जाहिरात निघाली होती, त्यात ही मायलेकीची कथा दाखवली. शेवटी मुलगी म्हणते, आईला वाटते मी डॉक्टर व्हावे, पण मी वकील होणार, आईसाठी. पहिल्यांदा पाहताना ही आई कोण ते शेवटपर्यंत कळत नाही. मी ती जाहिरात मुलीकडून पाच वेळा लावून घेतली.

यांच्यात घरेही असतात, भगिनींनो. गुरू असते, तिच्या चेल्या असतात, चेलीच्या चेलीला नाती म्हणतात, आणि एका गुरूच्या चेल्या एकमेकींच्या गुरुभाई. अगदी आपल्यासारखी पणजीपर्यंत मोजता येणारी वंशावळ. सगळे गोडच असते असे मी म्हणणार नाही. चेलीने कमावलेल्यात गुरूचा वाटा असतो, घर बदलायचे तर दंड पडतो, आणि कित्येकींचा त्यात जीव घुसमटतो. पण सासुरवास आपल्यालाही काही नवा नाही. रात्री अकरा वाजता ज्याला कोणी दार उघडत नाही त्याला तेथे दार उघडते, एवढे खरे.

सरकारदरबारी मात्र हे घर घर नव्हे. २०१९ साली यांच्यासाठी कायदा झाला, त्यात कुटुंबाची व्याख्या रक्ताचे, लग्नाचे किंवा रीतसर दत्तकाचे नाते अशीच केली. थायलंडात २३ जानेवारी २०२५ पासून दोन पुरुषांचे किंवा दोन बायकांचे लग्न कायद्याने लागते. आपल्या न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये तशी मान्यता द्यायला नकार दिला. पण २०२४ साली केंद्राने राज्यांना कळवले की अशा जोडीदारांना रेशनकार्डासाठी एका घरातले समजावे. मला हे वाचून बरे वाटले. बाईला विचाराल तर एका घरातले म्हणजे एका रेशनकार्डावरचे!

आता माझ्या घरचे सांगते. आई २०१९ साली गेली. दहाव्याला भीमेच्या घाटावर सगळे जमलेले असताना दोघी आल्या. एक वयस्कर, केस पिकलेले, आणि दुसरी माझा भाऊ. 'आला' म्हणू की 'आली', माझी जीभ तेव्हा अडखळली. कोणीतरी नातेवाइकाने ताडकन म्हटले, "हे येथे नको." सगळे माझ्याकडे बघू लागले, कारण घरात आता थोरली मीच. आणि मी काही बोलले नाही. मान खाली घालून उभी राहिले. त्या दोघी मागे झाडाखाली बसल्या. जेवणाच्या पत्रावळी तेवढ्या मी नेऊन दिल्या. तेव्हा ती वयस्कर बाई मला म्हणाली, "ताई, ही दर संक्रांतीला आईच्या नावाने तीळ भाजते. गूळ जास्त घालते, तुमच्या आईला आवडायचा म्हणून. टायफॉइड झाला तेव्हा एकवीस दिवस माझ्या मांडीवर होती, 'अक्का, अक्का' करीत. मला वाटले अक्का कोण देवी आहे."

घरात अक्का मलाच म्हणतात.

चार वर्षे मी ते वाक्य पदराला बांधून हिंडले. 'ताली' पाहिली त्या रात्री मुलीने नंबर शोधून दिला आणि मी फोन केला. पलीकडून पहिल्यांदा "कोण?" असे दरडावून विचारले, ती गुरू होती. मग पुष्कळ वेळ कोणीच बोलेना. गेल्या दिवाळीत मी न्हावऱ्यावरून चौफुल्याला जाऊन तिला भेटले. दोघींनी चहा घेतला. जवळच कला केंद्रे आहेत, ढोलकी वाजत होती. तिचे आता वय झाले आहे, माझ्याहून तीन वर्षांनी लहान असूनही गुडघे दुखतात. तिने माझ्या मुलीला पाचशे रुपये दिले आणि म्हणाली, मावशीकडून.

म्हणून आज मला मंडळापुढे एक विनंती मांडायची आहे. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी तिला आणि तिच्या गुरूला बोलावणार आहे. माझ्या घरी नव्हे, येथे, या सभागृहात. ज्या भगिनींना ते रुचणार नाही त्यांनी मला आताच सांगावे, मागून नको. बाहेर झाडाखाली पत्रावळ नेऊन देण्याचे काम मी पुन्हा करणार नाही. वाण म्हणून या वर्षी स्टीलचे डबे घ्यायचे ठरले आहे, त्यांत दोन डबे वाढवावेत. त्यांचे पैसे मी भरले आहेत, पावती चिटणीसबाईंकडे आहे.

चहा निवतो आहे अशी खूण होते आहे.